हिंदी अध्यापनातील तंत्रसाधने, मुंबई उपनगरांतील

महाविद्यालयीन व विद्यापीठीय वर्गांत हिंदी भाषा व साहित्य शिकविण्यासाठी वापरात आलेली यांत्रिक, श्राव्य-दृश्य व संगणकीय साधने आणि मुंबईच्या उपनगरांतील त्यांचा इतिहास यांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. टंकलेखनयंत्र, ध्वनिमुद्रक, दूरचित्रवाणी, संगणक, आंतरजाल व मोबाइल अशा क्रमाने ही साधने आली. या इतिहासाला दोन अंगे आहेत. देवनागरीला यंत्रावर आणण्याचे व हिंदी शब्दसंपदेला संगणकीय रूप देण्याचे महत्त्वाचे काम जुहू व पवई या उपनगरांतील संस्थांत झाले. तर हिंदीचे प्रत्यक्ष अध्यापन अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या परिसरांतील महाविद्यालयांत आणि कालिना येथील विद्यापीठ परिसरात चालू राहिले. प्रयोगशाळा व वर्ग यांतील अंतर काही किलोमीटरांचेच असले, तरी ते ओलांडण्यास बराच काळ लागला. या विलंबाचे प्रमुख कारण लिपीच्या संगणकीकरणात आढळते.

भाषिक पार्श्वभूमी : मुंबई उपनगर जिल्हा १९९० मध्ये स्वतंत्रपणे अस्तित्वात आला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तीन तालुके असून घाटकोपर, मुलुंड व पवई यांचा समावेश कुर्ला तालुक्यात होतो. मराठी, गुजराती, उर्दू, दक्षिणी भाषा तसेच भोजपुरी व अवधी बोलणारी कुटुंबे येथे शेजारी-शेजारी राहतात. रस्त्यावर, लोकलगाडीत व बाजारात त्यांना जोडणारी भाषा म्हणजे बंबइया हिंदी होय. हिंदी चित्रपटव्यवसायाचाही मोठा भाग याच उपनगरांत आहे. त्यामुळे येथील विद्यार्थी हिंदीच्या वर्गात येतो तो भाषा अजिबात न येणारा म्हणून नव्हे. तो हिंदी अस्खलित बोलतो. परंतु ‘मुझे’ ऐवजी ‘मेरे को’ म्हणण्याची सवय त्याला असते आणि कबीर, तुलसीदास किंवा जयशंकर प्रसाद यांची भाषा त्याला जवळजवळ परकी वाटते. परभाषा म्हणून हिंदी शिकविण्यासाठी इतरत्र तयार झालेले पाठ अशा वर्गास पुरेसे पडत नाहीत.

शैक्षणिक संस्था : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली, तथापि उच्च शिक्षण उपनगरांत पोहोचले ते मुख्यत्वे स्वातंत्र्याच्या सुमारास व त्यानंतर. अंधेरीचे भवन्स महाविद्यालय (१९४६), विद्याविहार येथील सोमैया शैक्षणिक संकुल (१९५९), विलेपार्ले येथील मिठीबाई महाविद्यालय (१९६१) व मुलुंडचे वझे-केळकर महाविद्यालय (१९८४) या संस्था या विस्ताराच्या द्योतक आहेत. घाटकोपर येथे १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदी विद्या प्रचार समितीचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. उत्तरेकडून आलेल्या हिंदीभाषक कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणाची निकड हे तिचे मूळ होते. पुढे १९६३ मध्ये तिने रामनिरंजन झुनझुनवाला महाविद्यालय सुरू केले. विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाची सोय केली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांच्या हाती त्यामुळे छापील पाठ आले. मात्र या पाठांतून शिक्षकाचा आवाज ऐकू येत नसे.

अध्यापनातील अडचणी : कोणते तंत्रसाधन उपयुक्त ठरले व कोणते ठरले नाही, हे समजण्यासाठी अडचणींचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. मराठी व हिंदी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. परंतु या साम्यातच चुकांचे मूळ आहे. मराठीत ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असा, तर हिंदीत सामान्यतः ‘ग्य’ असा होतो. ‘ऋ’चा उच्चार मराठीत ‘रु’कडे व हिंदीत ‘रि’कडे झुकतो. ‘ऐ’ व ‘औ’ हे मराठीत संयुक्त स्वर म्हणून उच्चारले जातात, तर प्रमाण हिंदीत ते बहुधा एकेरी दीर्घ स्वर असतात. मराठी ‘जाणे’मधील ‘ज’ दंत्य व हिंदी ‘जाना’मधील ‘ज’ तालव्य आहे. हिंदीतील चंद्रबिंदू आणि नुक्ता ही चिन्हे मराठी लेखनाच्या सवयीत नसल्याने ती हमखास गळतात.

व्याकरणात लिंगभेद हा मोठा अडसर होय. मराठीत तीन व हिंदीत दोन लिंगे आहेत. शिवाय ‘आवाज’ व ‘देह’ हे मराठीत पुल्लिंगी असलेले शब्द हिंदीत स्त्रीलिंगी आहेत. ‘मी पुस्तक वाचले’ या मराठी वाक्यात कर्त्याचे रूप बदलत नाही. हिंदीत मात्र ‘मैंने किताब पढ़ी’ असे ‘ने’ प्रत्ययासह म्हणावे लागते. भोजपुरी व अवधी बोलींत हा ‘ने’ नसल्यामुळे जन्माने हिंदीभाषक समजला जाणारा विद्यार्थीही येथे अडखळतो. गुजरातीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद उच्चारात टिकलेला नसल्याने गुजरातीभाषकांची चूक ऱ्हस्वदीर्घाची असते. अर्थाच्या बाबतीत समरूप शब्द फसवे ठरतात. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठीत ‘संसार’ म्हणजे प्रपंच, तर हिंदीत प्रामुख्याने जग. तात्पर्य, एकाच बाकावर बसलेल्या चार विद्यार्थ्यांच्या चुका चार प्रकारच्या असतात आणि सर्वांसाठी एकच व्याख्यान त्या सर्व चुकांपर्यंत पोहोचू शकत नाही.

टंकलेखनयंत्र : हिंदीच्या शिक्षणक्रमात शिरलेले पहिले महत्त्वाचे यंत्र म्हणजे देवनागरी टंकलेखनयंत्र. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र तयार केले. पुढे या उद्योगाचा घाटकोपरलगतच्या विक्रोळी येथे विस्तार झाला व इंग्रजीबरोबरच देवनागरी यंत्रेही बाजारात आली. रोमन लिपीसाठी आखलेल्या मोजक्या कळांवर स्वर, व्यंजने, मात्रा व जोडाक्षरे बसवावयाची असल्याने अक्षरांचे अर्धे तुकडे करून ते जुळवावे लागत. कार्यालयीन हिंदी, अनुवाद व पत्रव्यवहार यांवर भर देणारे प्रयोजनमूलक हिंदीचे अभ्यासक्रम विद्यापीठांतून सुरू झाले, तेव्हा हिंदी टंकलेखनाला उपजीविकेचे साधन म्हणून महत्त्व आले. साहित्याच्या वर्गावर मात्र या यंत्राचा फारसा परिणाम झाला नाही. टंकलेखनयंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये बंद झाले. परंतु त्याच्या कळफलकाची सवय संगणकाच्या काळातही टिकून राहिली आणि ‘कृतिदेव’सारखे हिंदी टंक तिच्यावरच आधारलेले होते.

श्राव्य-दृश्य साधने : ध्वनिफितींमुळे उच्चारशिक्षणाला यंत्राचे साह्य मिळाले. भाषा-प्रयोगशाळेत विद्यार्थी कानाला श्रवणयंत्र लावून आदर्श उच्चार ऐकतो, तो पुन्हा म्हणतो आणि स्वतःचा मुद्रित आवाज मूळ उच्चाराशी ताडून पाहतो. वर उल्लेखिलेले ‘ऐ’, ‘औ’ व नुक्तायुक्त वर्ण शिकविण्यास ही पद्धत उपयुक्त आहे. कारण येथे प्रत्येकाला आपली स्वतःची चूक ऐकू येते. तथापि अशा प्रयोगशाळांत इंग्रजीला प्राधान्य मिळण्याकडे कल राहिला. हिंदी सर्वांना बोलता येते, तेव्हा तिच्या उच्चारांसाठी वेगळा खर्च कशाला, ही समजूत उपनगरांत अधिकच रूढ होती.

चित्रफितींच्या प्रसारामुळे १९८० नंतर साहित्यकृतींची चित्रपटरूपे वर्गात दाखविणे शक्य झाले. फणीश्वरनाथ रेणू यांच्या कथेवरील तीसरी कसम (१९६६), राजेंद्र यादव यांच्या कादंबरीवरील सारा आकाश (१९६९), प्रेमचंदांच्या कथेवरील शतरंज के खिलाड़ी (१९७७) आणि भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरील तमस ही १९८८ मधील दूरचित्रवाणी मालिका ही याची ठळक उदाहरणे होत. ग्रामीण बिहारची बोली किंवा लखनौची उर्दूमिश्रित अदब शब्दकोशातून कळत नाही. ती ऐकावी लागते. मात्र चित्रपट मूळ पाठाची जागा घेऊ लागला, की वाचनाची सवय क्षीण होते, हा त्याचा दुसरा परिणामही नोंदविला पाहिजे.

उपग्रहाद्वारे शिक्षण : ग्रामीण भागासाठी १९७५-७६ मध्ये झालेल्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून उच्च शिक्षणासाठी देशव्यापी वर्ग हा कार्यक्रम सुरू केला. इन्सॅट-१ बी या उपग्रहाद्वारे त्याचे प्रक्षेपण होई. आरंभी त्यातील पाठ प्रामुख्याने इंग्रजीत असल्याने भारतीय भाषांच्या अध्यापकांना त्याचा लाभ मर्यादितच झाला. प्रक्षेपणाची वेळ व महाविद्यालयाचे वेळापत्रक यांचा मेळ बसणे कठीण होते. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे, हे संज्ञापन एकमार्गी होते. पडद्यावरील अध्यापकाला प्रश्न विचारण्याची सोय त्यात नव्हती.

देवनागरीचे संगणकीकरण : संगणक महाविद्यालयांत पोहोचला, तरी हिंदीच्या वर्गाला त्याचा उपयोग होण्यास लिपीचा प्रश्न आड आला. १९८६ मध्ये भारतीय लिपींसाठी इनस्क्रिप्ट हा समान कळफलक निश्चित करण्यात आला आणि १९८८ मध्ये तयार झालेल्या इस्की या संकेतप्रणालीला १९९१ मध्ये भारतीय मानकाचे रूप मिळाले. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात (एन.सी.एस.टी.) भारतीय लिपींच्या संगणकीय लेखनावर संशोधन झाले. ही संस्था पुढे प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) विलीन झाली. व्यवहारात मात्र वेगवेगळ्या कंपन्यांचे टंक वेगवेगळ्या संकेतांवर चालत. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची केवळ आकृती बसविलेली असे. त्यामुळे एका संगणकावर केलेले टिपण, तोच टंक नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडले असता निरर्थक चिन्हांची ओळ दिसे. घरी तयार केलेला पाठ महाविद्यालयात वाचता न येणे हा अनेक हिंदी अध्यापकांचा त्या काळातील सामान्य अनुभव होता. अशा मजकुरात शब्द शोधता येत नसे वा त्याची अकारविल्हे मांडणीही करता येत नसे.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते. तीत प्रत्येक वर्णाला यंत्राच्या व टंकाच्या भेदांपासून स्वतंत्र असा कायम क्रमांक असतो. विंडोज २००० या प्रणालीबरोबर देवनागरीसाठी ‘मंगल’ हा टंक उपलब्ध झाला. त्याचे अभिकल्पक सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आय.आय.टी.) अध्यापक होते व नंतर त्यांनी जुहूच्या केंद्रात काम केले. देवनागरीचे अक्षरवळण आणि तिच्या जोडाक्षरांची घडण यंत्राच्या सोयीसाठी मोडू नये, हा त्यांच्या कार्याचा गाभा होय. टंकलेखनयंत्राने लिपीला यंत्राच्या मापात बसविले होते. येथे यंत्राला लिपीचे नियम शिकविण्यात आले. हिंदीचा मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर निर्वेधपणे पाठविणे, आंतरजालावर शोधणे व साठविणे हे यानंतरच सर्वसाधारण अध्यापकाच्या आवाक्यात आले. [⟶ देवनागरी लिपी].

हिंदी शब्दजाल : पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेची स्थापना १९५८ मध्ये झाली. तेथील संगणकशास्त्र विभागात २००० च्या सुमारास भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली संगणकतज्ञ व भाषाभ्यासक यांनी एकत्रितपणे हिंदी शब्दजाल म्हणजे ‘हिंदी वर्डनेट’ सिद्ध केले. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी १९८५ मध्ये आरंभिलेल्या इंग्रजी शब्दजालाची प्रेरणा त्यामागे होती.

सामान्य कोशात शब्द वर्णक्रमाने येतात. शब्दजालात ते अर्थाने जोडलेले असतात. ‘आँख’, ‘नेत्र’, ‘नयन’, ‘लोचन’ असे समानार्थी शब्द एका संचात ठेवून त्या संचाला एका संकल्पनेचे स्थान दिले जाते. प्रत्येक संचाला व्याख्या व उदाहरणवाक्य असते आणि जाति-उपजाती, अवयव-अवयवी, विरुद्धार्थ इ. संबंधांनी तो इतर संचांशी जोडलेला असतो. हिंदी शब्दजालाच्या आधारे मराठी शब्दजाल तयार झाले व पुढे अनेक भारतीय भाषा ‘इंडोवर्डनेट’ या प्रकल्पात परस्परांशी जोडल्या गेल्या.

उपनगरातील बहुभाषिक वर्गाच्या दृष्टीने या रचनेचे महत्त्व मोठे आहे. येथे भाषा शब्दांनी नव्हे, तर संकल्पनांनी जोडलेल्या असतात. त्यामुळे हिंदी ‘शिक्षा’समोर मराठी ‘शिक्षण’ येते आणि मराठी ‘शिक्षा’चा संबंध हिंदी ‘दंड’ वा ‘सज़ा’ यांच्याशी लागतो. समरूप शब्दांचा भ्रम ज्या ठिकाणी निर्माण होतो, नेमक्या त्याच ठिकाणी हे साधन भेद दाखविते. अनुवादाच्या अभ्यासात व मराठी-हिंदी तौलनिक संशोधनात त्याचा उपयोग उघड आहे.

याच शब्दजालावर आधारित ‘हिंदी शब्दमित्र’ हे अध्यापनसाधन पवई येथे २०१० नंतरच्या दशकात विकसित करण्यात आले. हनुमंत रेडकर, मल्हार कुलकर्णी, पुष्पक भट्टाचार्य प्रभृतींचा त्यात सहभाग होता. संशोधकांसाठी रचलेले शब्दजाल विद्यार्थ्याला जड जाते, हे ध्यानात घेऊन यात शब्दाचा अर्थ, उच्चार, चित्र, उदाहरण व व्याकरणविशेष विद्यार्थ्याच्या पातळीनुसार टप्प्याटप्प्याने मांडले आहेत. त्याची रचना प्रामुख्याने शालेय इयत्तांच्या क्रमाने असल्याने पदवीच्या वर्गाला ते अंशतःच पुरेसे पडते. तथापि प्रयोगशाळेतील भाषासंशोधन अध्यापकाच्या गरजेच्या दिशेने वळविण्याचा तो एक महत्त्वाचा प्रयत्न होय.

स्वयंअध्ययन व अंकीय ग्रंथसंग्रह : पुण्याच्या सी-डॅकने भारत सरकारच्या राजभाषा विभागासाठी ‘लीला’ ही हिंदी स्वयंशिक्षणाची प्रणाली तयार केली. प्रबोध, प्रवीण व प्राज्ञ या तीन पायऱ्यांचे पाठ तीत असून मराठीसह अनेक भाषांच्या माध्यमांतून ते शिकता येतात. २०१७ मध्ये ती मोबाइलवरही उपलब्ध झाली. तिचा मूळ उद्देश सरकारी कर्मचाऱ्यांना कामकाजापुरती हिंदी शिकविण्याचा आहे. साहित्याचे अध्यापन हा नव्हे. २०१७ मध्येच सुरू झालेल्या ‘स्वयं’ या राष्ट्रीय व्यासपीठाने मात्र विद्यापीठीय अभ्यासक्रम आंतरजालावर आणले.

साहित्याच्या वर्गाला याहून अधिक लाभ झाला तो अंकीय ग्रंथसंग्रहांचा. वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने (स्थापना १९९७) ‘हिंदी समय’ या संकेतस्थळावर हिंदी साहित्याचा मोठा भाग खुला केला. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘कविता कोश’ने काव्यासाठी तेच कार्य केले. काशीच्या नागरीप्रचारिणी सभेचा हिंदी शब्दसागर हा बृहत्कोशही आंतरजालावर पाहता येतो. ज्या महाविद्यालयाचे ग्रंथालय लहान आहे, तेथील विद्यार्थ्याला यामुळे मूळ पाठ मिळू लागला. अशा संग्रहांतील मजकुरात मुद्रणदोष व पाठभेद असू शकतात. म्हणून प्रमाण आवृत्तीशी तो ताडून पाहण्याची शिस्त लावणे हे अध्यापकाचे नवे काम ठरले.

२०२० नंतरचा काळ : करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली व संपूर्ण अध्यापन दूरस्थ पद्धतीने करावे लागले. तोपर्यंत तंत्रसाधन ऐच्छिक होते. आता तेच वर्गाचे एकमेव द्वार झाले. मोबाइलच्या लहान पडद्यावर कविता वाचणे, एकाच खोलीच्या घरात चाललेला पाठ ऐकणे आणि जोडणीचा खर्च सोसणे ही उपनगरांतील व त्यापलीकडील वस्त्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची स्थिती होती. ज्यांच्याकडे साधन होते व ज्यांच्याकडे नव्हते, त्यांतील विषमता यामुळे ठळक झाली. दुसरीकडे, विद्यार्थ्यांना युनिकोडमध्ये हिंदी लिहिण्याची सवय लागली. मोबाइलवरील रोमन कळफलकावरून उच्चारानुसार देवनागरी उमटविण्याची सोय त्यांनी सर्रास स्वीकारली. परंतु शब्दाचे अचूक रूप यंत्रच सुचवीत असल्याने स्वतःच्या हाताने शुद्ध लिहिण्याची कसोटी मागे पडू लागली.

पवईच्या संस्थेने १४ सप्टेंबर २०२१ रोजी ‘उडान’ प्रकल्प जाहीर केला. तांत्रिक विषयांची इंग्रजी पाठ्यपुस्तके हिंदी व इतर भारतीय भाषांत आणणे हे त्याचे उद्दिष्ट असून यंत्राने केलेला अनुवाद तज्ञांकडून तपासून घेण्याची योजना त्यात आहे. शासनाच्या ‘भाषिणी’ या भाषांतर व्यासपीठाचा आरंभ २०२२ मध्ये झाला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून संभाषणक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वसामान्यांच्या हाती आली व ती हिंदीत निबंध, सारांश व रसग्रहण लिहून देऊ लागली. घरी लिहून आणावयाच्या स्वाध्यायाचे मूल्य त्यामुळे संशयास्पद झाले. मौखिक परीक्षा, वर्गात बसून केलेले लेखन आणि यंत्राच्या अनुवादातील चुका शोधण्याचा अभ्यास हे यावरील व्यवहार्य मार्ग आहेत. यंत्राने ‘संसार’ किंवा ‘चेष्टा’ या शब्दांचा अर्थ चुकविला, हे ओळखण्यास दोन्ही भाषा जाणणारा विद्यार्थीच लागतो. या दृष्टीने उपनगरातील बहुभाषिकता ही उणीव नसून भांडवल ठरते.

मूल्यमापन : या इतिहासावरून असे दिसते की, केवळ पाठ दूरवर पोहोचविणाऱ्या साधनांचा हिंदीच्या वर्गावरील परिणाम मर्यादित राहिला. भाषा-प्रयोगशाळा, युनिकोडवर आधारित लेखन व शब्दजाल यांसारख्या ज्या साधनांनी विद्यार्थ्याची विशिष्ट अडचण नेमकी हेरली, ती अधिक उपयुक्त ठरली. त्यांतही जी साधने लिपीच्या व भाषेच्या प्रकृतीचा मान राखून घडविली गेली, तीच टिकली. मुंबई उपनगरांत साधने घडविणाऱ्या संस्था व ती वापरणारे वर्ग एकमेकांच्या निकट आहेत. मात्र शालेय पातळीवर ‘शब्दमित्र’ने जो धागा जोडला, तो पदवी व पदव्युत्तर अध्यापनापर्यंत नेण्यास अद्याप पुष्कळ वाव आहे. मराठी, गुजराती व भोजपुरीभाषक विद्यार्थ्यांच्या चुकांचे वेगवेगळे स्वरूप अध्यापकाला प्रत्यक्ष अनुभवाने ठाऊक असते. साधनाच्या रचनेतच या अनुभवाला स्थान मिळाल्यास बोलण्यापुरती हिंदी जाणणारा विद्यार्थी लिहिण्याच्या व वाचण्याच्या हिंदीपर्यंत पोहोचू शकतो.